आतड्यात आतडे शिरते तेव्हा

दीड-दोन वर्षांचे मूल उलट्या करू लागले, की घरात निदानांची रांग लागते. दात येत असतील, दृष्ट लागली असेल, काहीतरी बाहेरचे खाल्ले असेल, थंडी पोटात गेली असेल. कोणी ओवा-हिंगाचा लेप सुचवतो, कोणी मीठ-मोहरी ओवाळायला घेतो. या निदानांना हसण्याचे कारण नाही. पहिल्या तासाभरात डॉक्टरांचीही अवस्था याहून फार वेगळी नसते. मोठा माणूस निदान कुठे दुखते ते सांगतो, कधीपासून ते सांगतो. या वयाचे मूल रडते, एवढेच. शिवाय त्याची उलटी पोटाचीच असेल असेही नाही. कान फुटायला आला, घसा सुजला, न्यूमोनिया झाला, लघवीच्या मार्गात जंतुसंसर्ग झाला, मेंदूज्वर झाला, तरी लहान मूल उलट्याच करते. म्हणजे निरनिराळ्या आजारांची तक्रार एकच, आणि ती मांडणाऱ्याला बोलता येत नाही.

उलट्या करणाऱ्या बहुसंख्य मुलांना साधा जुलाब-उलटीचा आजार असतो आणि त्यांना हवे असते ते मीठ-साखरेचे पाणी. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी हे पाणी पाजून पटकीच्या रुग्णांचे मृत्यू कसे कमी केले, ती हकिकत आपल्यापैकी अनेकांना माहीत असेल. परंतु या बहुसंख्यांच्या गर्दीत अधूनमधून एखादे मूल असे असते, की त्याला पाण्याचा उपयोग नसतो. त्याचे आतडे अडलेले असते. त्याला ओळखायला एक दिवस उशीर झाला तर जीव जातो. या एका मुलाला गर्दीतून वेगळे कसे काढायचे, हे शिकायला वैद्यकाला सुमारे तीनशे वर्षे लागली. आम्ही इथे त्यातल्या एकाच आजाराची हकिकत सांगणार आहोत. इंग्रजी वैद्यकात त्याला इंटससेप्शन म्हणतात. मराठीत सरळ 'आतड्यात आतडे शिरणे' म्हटले की पुरते.

ट्रान्झिस्टर रेडिओची एरियल आठवा. मिटताना तिची एक नळी दुसऱ्या नळीत सरकते. काहीसे तसेच इथे होते. लहान आतडे जिथे मोठ्या आतड्याला मिळते, तिथे ते पुढच्या भागात शिरते. एकदा शिरले की आतड्याच्या नेहमीच्या लाटा त्या शिरलेल्या भागाला अन्नाचा घास समजून पुढे ढकलू लागतात. दर लाटेला मूल कळवळते, गुडघे पोटाशी घेते, पांढरेफटक पडते. लाट ओसरली की शांत होते, कधी खेळूही लागते. पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा तेच.

एरियलची उपमा इथपर्यंतच चालते. आतड्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या एका पातळ पडद्यातून येतात आणि आतडे शिरताना तो पडदाही आत ओढला जातो. मग वाहिन्या चेमटतात. आधी चेमटतात त्या नीला, कारण त्यांच्या भिंती पातळ असतात आणि आतला दाब कमी असतो. रोहिण्यांतून रक्त येत राहते, परत जायला वाट नसते. आतडे सुजते, त्यातून रक्त आणि शेंबूड पाझरतो आणि मुलाला तांबडी, जेलीसारखी शी होते. पुढे रोहिण्याही बंद पडतात, आतडे काळे पडते, कुजते, फुटते. लाल शी हे या आजाराचे प्रसिद्ध लक्षण. पण वरील क्रम नीट पाहिला तर लक्षात येईल, की ते उशिराचे लक्षण आहे. त्याची वाट पाहत बसणे म्हणजे धूर दिसूनही ज्वाळांची वाट पाहणे.

आता इतिहास. अॅमस्टरडॅमचे पॉल बार्बेट यांनी १६७४ साली या स्थितीचे वर्णन केले होते. पुढे लंडनचे प्रसिद्ध शल्यविशारद जॉन हंटर यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस तिच्यावर निबंध वाचला. हंटर हे शवविच्छेदनात मुरलेले गृहस्थ. मेलेल्या मुलाच्या पोटात त्यांना काय दिसते, हे त्यांनी अचूक लिहिले. उपाय मात्र तर्काने काढला. आतडे खाली सरकले आहे ना, मग वांतीचे औषध द्यावे, म्हणजे आतड्याच्या लाटा उलट्या दिशेने फिरतील आणि ते बाहेर येईल. तर्क सुबक आहे, पण आतडे तसे वागत नाही. त्या काळी आतडे अडलेल्या रुग्णाला पाराही पाजत, शिशाच्या गोळ्याही गिळायला लावत. हेतू हा, की वजनाने वाट मोकळी व्हावी! कधी कधी मेलेला तुकडा आपोआप गळून शौचावाटे पडे आणि रुग्ण वाचे. अशा दुर्मिळ प्रसंगांमुळे 'थांबून पाहू' म्हणणाऱ्यांना बळ मिळत असे.

जिवंत मुलात ओळखायचे कसे, हा वेगळाच प्रश्न होता. फ्रान्समध्ये झाँ दाँस नावाच्या तरुण वैद्याने एक बारीक गोष्ट टिपली. लहान व मोठ्या आतड्याचा सांधा पोटात उजवीकडे खाली असतो. तिथले आतडे जागा सोडून पुढे सरकले, तर ती जागा हाताला रिकामी लागायला हवी. पोटात गाठ शोधताना सगळेजण 'काय आहे' ते चाचपत होते, याने 'काय नाही' ते चाचपले. आजही या खुणेला दाँस यांचे नाव आहे. ते स्वतः १८३२ साली पटकीने वारले, वय जेमतेम पस्तीस.

ओळखले तरी करायचे काय? १८४६ सालापासून भूल मिळू लागली, १८६७ साली लिस्टर यांनी जंतुनाशक पद्धत मांडली, तरी पोट उघडणे म्हणजे बहुधा मरणच, अशीच स्थिती होती. १८७१ साली लंडनच्या जोनाथन हचिन्सन यांनी दोन वर्षांच्या एका मुलीचे पोट उघडले. तिचे आतडे इतके सरकले होते की त्याचे टोक गुदद्वारातून बाहेर दिसत होते. हचिन्सन यांनी काही मिनिटांत ते हाताने मागे सरकवून पोट शिवले. मुलगी जगली. लहान मुलावरची या आजाराची ही पहिली यशस्वी शस्त्रक्रिया मानतात.

हचिन्सन यांच्याविषयी थोडे विषयांतर करायला हरकत नाही. हेच गृहस्थ पुढे कुष्ठरोग नीट न टिकवलेले मासे खाल्ल्याने होतो असे आग्रहाने मांडत राहिले. पुराव्याच्या शोधात ते हिंदुस्थानातही येऊन गेले आणि १९०६ साली त्यावर त्यांनी पुस्तक लिहिले. तोपर्यंत हान्सेन यांनी कुष्ठरोगाचा जंतू दाखवून तीस वर्षे उलटली होती. निरीक्षणात इतका तरबेज माणूस एका कल्पनेपायी इतका वाहवत जाऊ शकतो, हे विज्ञानाचा इतिहास शिकवताना सांगण्याजोगे आहे.

एक मुलगी वाचली म्हणून शस्त्रक्रिया रूढ झाली असे नाही. त्यानंतर पोट उघडलेली बरीच मुले दगावली, कारण शल्यविशारदाकडे ती यायची तीच तिसऱ्या-चौथ्या दिवशी. कोपनहेगनमध्ये हाराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी दुसरी वाट धरली. गुदद्वारातून पाणी सोडायचे आणि त्याच्या दाबाने शिरलेले आतडे मागे रेटायचे, सोबत बाहेरून हाताने हलके चोळायचे. १८७६ साली त्यांनी याविषयी लिहायला सुरुवात केली आणि १९०५ साली १०७ मुलांचा हिशोब मांडला. त्यांत मृत्यूचे प्रमाण ३५ टक्के होते. आज हा आकडा भयंकर वाटतो, पण त्या काळी अनेक ठिकाणी शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक मुले दगावत होती.

याच सुमारास सिडनीच्या मुलांच्या रुग्णालयात पर्सी क्लब नावाचे शल्यविशारद काम करत होते. आधी पाण्याचा एनिमा द्यायचा, तेवढ्याने आतडे सुटले नाही तर लगेच पोट उघडायचे, असा त्यांचा शिरस्ता. १९०७ साली त्यांनी या एकाच आजारावर पुस्तक लिहिले. त्यांच्या हातून दगावणाऱ्या मुलांचे प्रमाण वर्षागणिक घटत गेले. हात सफाईदार झाला हे एक कारण असणारच. पण क्लब यांचा सारा भर होता तो लवकर ओळखण्यावर. गावातल्या साध्या डॉक्टरांना हा आजार ठाऊक झाला, ते मूल पहिल्याच दिवशी पाठवू लागले, आणि मुले वाचू लागली. आमच्या मते या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत मोलाची पायरी आहे, आणि तिच्यात कोणतेही नवे यंत्र नव्हते. निरोगी, धष्टपुष्ट मूल अचानक कळवळून ओरडते, थांबते, पुन्हा ओरडते, उलट्या होतात, मधल्या वेळात ते निपचित पडते. एवढ्यावरूनच संशय घ्यायचा होता.

लंडनच्या झॅकरी कोप यांनी १९२१ साली पोटाच्या तातडीच्या आजारांवर पुस्तक लिहिले. त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या पुढे शंभर वर्षे वाचल्या गेल्या. बऱ्या असलेल्या माणसाच्या पोटात तीव्र दुखू लागले आणि सहा तासांत थांबले नाही, तर बहुतेक वेळा ते शल्यविशारदाचे काम समजावे, असा त्यांचा ठोकताळा होता. त्या पिढीतली एक समजूत मात्र पुढे चुकीची ठरली. निदान होईपर्यंत वेदनाशामक देऊ नये, नाहीतर लक्षणे झाकली जातात, असे विद्यार्थ्यांच्या मनावर कित्येक दशके बिंबवले गेले. नंतर रीतसर चाचण्या झाल्या तेव्हा कळले, की वेदना कमी केल्याने निदान चुकत नाही. उलट मूल शांत झाल्यावर पोट तपासणे सोपे जाते.

क्ष-किरणांचा शोध लागला १८९५ साली. साध्या छायाचित्रात आतडे नीट दिसत नाही, म्हणून किरणांना अडवणारे बिस्मथ किंवा बेरियमचे पांढरे द्रावण गुदद्वारातून सोडण्याची युक्ती निघाली. १९१३ साली बोस्टनच्या विल्यम लॅड यांनी असे चित्र प्रसिद्ध केले. द्रावण मोठ्या आतड्यातून चढत जाते आणि शिरलेल्या टोकापाशी येऊन थबकते, त्याला वाटीसारखा आकार येतो. अंदाजाची जागा चित्राने घेतली. १९२७ साली फ्रान्स, स्वीडन आणि अमेरिका अशा तीन देशांतील डॉक्टरांनी त्याच्या पुढचे पाऊल टाकले. जे द्रावण अडथळा दाखवते तेच दाबाने अडथळा दूर करू शकेल, आणि ते होताना पडद्यावर पाहता येईल! हिर्शस्प्रुंग यांचे पाणी आंधळे होते. आतडे पूर्ण सुटले की अर्धवट, हे कळायला मार्ग नव्हता. आता वाटी मागे मागे सरकताना दिसे आणि शेवटी द्रावण लहान आतड्यात भसकन शिरले की काम फत्ते. निदान आणि उपचार एकाच टेबलावर.

तरीही अमेरिकेत ही पद्धत रुजायला वीस वर्षे लागली. लॅड आणि त्यांचे सहकारी ग्रॉस शस्त्रक्रियेच्या बाजूचे होते आणि त्यांचा शब्द मोठा होता. त्यांची शंका रास्त होती. आतडे कुजलेले असेल आणि आपण ते दाबाने आत ढकलले तर? मार्क रॅव्हिच यांनी याचे उत्तर प्रयोगाने शोधले. कुत्र्यांमध्ये ही स्थिती निर्माण करून त्यांनी दाखवले, की द्रावणाची पिशवी टेबलापासून तीन फुटांपेक्षा उंच टांगली नाही, तर तेवढ्या दाबाने कुजलेले आतडे मागे सरकतच नाही. १९४८ साली हे काम प्रसिद्ध झाले. द्रवाचा दाब भांड्याच्या रुंदीवर अवलंबून नसतो, उंचीवर असतो, हे आपण वर्गात फळ्यावर आकृती काढून शिकवतो. त्याच नियमावर इथे मुलाची सुरक्षितता टांगलेली होती. तीन फूट पाण्याचा दाब पाऱ्याच्या सुमारे ६७ मिलिमीटरइतका येतो. विद्यार्थ्यांना गणित घालून पाहावे. (बेरियमचे द्रावण पाण्यापेक्षा जड, म्हणून त्याचा दाब थोडा जास्त.)

या वादात एक खाच होती, ती मुद्दाम सांगतो. एनिमाने बरी झालेली मुले अधिक जगतात, म्हणून एनिमा चांगला, असे आकडे पुढे येत. पण एनिमा कोणाला देत? जी लवकर आली, ज्यांची प्रकृती बरी होती, त्यांना. जी काळवंडून, पोट फुगून आली ती थेट शस्त्रक्रियेला जात. मग शस्त्रक्रियेच्या खात्यावर मृत्यू अधिक पडणारच. सोपी मुले एका वर्गात आणि अवघड दुसऱ्या वर्गात घातली, तर दोन शिक्षकांचा निकाल ताडून पाहण्यात अर्थ नसतो, तशीच ही गोष्ट. रॅव्हिच यांचा प्रयोग महत्त्वाचा वाटतो तो यासाठी, की त्यांनी केवळ निकालपत्रक पुढे केले नाही.

पुढचे टप्पे भराभर आले. बेरियम आतडे फुटून पोटात सांडले तर घातक ठरते, म्हणून हवा वापरण्याचा विचार झाला. भात्याने हवा भरण्याचा सल्ला हिपोक्रेटिसच्या नावावरील ग्रंथांतही सापडतो, असे म्हणतात. पण मोजून, दाबमापक लावून मोठ्या संख्येने हे काम केले ते चिनी डॉक्टरांनी. १९८६ साली त्यांनी १३ वर्षांतल्या ६,३९६ प्रसंगांचा अहवाल दिला, त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक वेळा यश आले होते. १९७७ साली सोनोग्राफीत हा आजार दिसल्याची नोंद प्रसिद्ध झाली. कांद्याची चकती कापावी तशी वर्तुळात वर्तुळे दिसतात. किरणांचा धोका नाही, मुलाला त्रास नाही, आणि तरबेज हाताखाली हे यंत्र क्वचितच चुकते. आज जिथे सोय आहे तिथे निदान सोनोग्राफीने होते आणि आतडे हवेने किंवा पाण्याने सोडवले जाते.

पण आतडे मुळात शिरते का? बऱ्याच लहान मुलांत ठळक कारण सापडत नाही. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात लसिका-पेशींचे पुंजके असतात. एखाद्या विषाणूच्या संसर्गानंतर ते सुजतात आणि लाटेला पकडायला जणू मूठ मिळते, असा अंदाज आहे. बहुतेक मुले तीन महिने ते तीन वर्षे वयातली असतात. याहून मोठ्या मुलात हा आजार दिसला तर आतड्यात गाठ किंवा जन्मजात पिशवी आहे का, हे शोधावे लागते.

विषाणूचा उल्लेख आला, तेव्हा शेवटचे प्रकरण सांगायलाच हवे. १९७३ साली मेलबर्नमध्ये रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुलाब झालेल्या मुलांच्या आतड्यात एक चाकासारखा विषाणू पाहिला, तो रोटाव्हायरस. जगभर तो दरवर्षी चार लाखांहून अधिक मुलांचा बळी घेत होता, असा शतकाच्या अखेरीचा अंदाज होता, आणि त्यात भारताचा वाटा मोठा होता. माकडातल्या विषाणूपासून तयार केलेली 'रोटाशील्ड' ही तोंडाने द्यायची लस १९९८ साली अमेरिकेत मंजूर झाली. मंजुरीपूर्वीच्या चाचण्यांत लस दिलेल्या १०,०५४ मुलांपैकी ५ जणांना आतडे शिरण्याचा आजार झाला होता, लस न दिलेल्या ४,६३३ पैकी एकाला. हा फरक योगायोगाचा की लसीचा? एवढ्या लहान आकड्यांवरून सांगता येत नव्हते. लस देणे सुरू झाले. जुलै १९९९ पर्यंत लशीनंतर आजार झालेल्या १५ बाळांच्या नोंदी जमल्या, बहुतेक आजार लशीनंतरच्या आठवड्यातले. लस थांबवली गेली आणि ऑक्टोबरमध्ये कंपनीने ती मागे घेतली. पुढे हिशोब लागला तो साधारण दहा हजार बाळांमागे एक असा.

अमेरिकेत या लशीवाचून फारशी मुले मरत नव्हती, कारण सलाईन आणि दवाखाना हाताशी होता. ज्या देशांत मुले मरत होती तिथे हिशोब उलटा पडला असता. तरीही, अमेरिकेने नाकारलेली लस आपल्या मुलांना द्या, असे त्या देशांच्या सरकारांना सांगणार कोण? लस गेली. पुढच्या दोन लशींच्या चाचण्या प्रत्येकी साठ हजारांहून अधिक बाळांवर घ्याव्या लागल्या, कारण दहा हजारांत एक असा धोका पकडायचा तर तेवढी संख्या लागतेच. त्यांचे निकाल आले २००६ साली. मधल्या सात वर्षांत या विषाणूने किती मुले नेली, याचा गुणाकार वाचकांनी वरील आकड्यावरून करावा.

भारतात दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत १९८० च्या दशकाच्या मध्यास नवजात बाळांत एक रोटाव्हायरस सापडला होता. बाळांना संसर्ग होता पण जुलाब नव्हते. डॉ. महाराज किशन भान आणि सहकाऱ्यांनी त्यावर काम केले आणि त्यातून 'रोटाव्हॅक' ही लस आली. तिची चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याजवळच्या वढू या ठिकाणी ६,७९९ बाळांवर झाली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'रोटासिल' ही दुसरी. २०१६ पासून राष्ट्रीय लसीकरणात ही लस टप्प्याटप्प्याने आली. पहिला डोस सहाव्या आठवड्यात देतात. त्या वयात आतडे शिरण्याचा आजार मुळातच विरळ असतो.

परंतु आपल्या बाळांत धोका किती, हे परदेशी आकड्यांवरून ठरवणे बरोबर नव्हते. म्हणून लस सुरू होताच देशातल्या २७ रुग्णालयांत हा आजार झालेल्या प्रत्येक बाळाची नोंद ठेवायला सुरुवात झाली. लशीनंतरच्या तीन आठवड्यांत त्याच बाळांना हा आजार अधिक होतो का, हे ताडून पाहिले गेले. २०२० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : तसा वाढीव धोका आढळला नाही. ही मोजणी शक्य झाली ती उलट्या करत, कळवळत आलेले बाळ ज्या-ज्या दवाखान्यात वेळेवर ओळखले गेले, तिथूनच. बाळ वाटेतच दगावले किंवा 'दात येताहेत' म्हणून घरीच राहिले, तर त्याची नोंद २७ रुग्णालयांपैकी कोणत्याही वहीत होणे शक्य नव्हते.